पुलावरच्या कॅमेऱ्याला बांधलेलं कापड

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आधी डोळ्यांपुढे रंग येतो, गुलाबी. माणसं, कलमं, पंचनामे सगळं मागाहून येतं. पोलीस खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने असं लिहावं हे जरा विचित्रच आहे, कारण आमच्या आठवणींचा रंग सहसा खाकी असतो. या एका प्रकरणाचा मात्र नव्हता.

पेण आणि रोह्याच्या मधल्या एका ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. थंडीचे दिवस होते, खाडीकडचं धुकं शेतांवर उतरून बसायचं आणि उन्हं चढली तरी उठायचं नाव घ्यायचं नाही. अशाच एका सकाळी रस्त्यावरचे कॅमेरे सांभाळणाऱ्या ठेकेदार कंपनीचा सुपरवायझर ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर अन्याय झाल्याचा भाव.

"साहेब, आमच्या पुलावरच्या कॅमेऱ्याची तक्रार द्यायचीय."

"फोडला?"

"नाही."

"चोरीला गेला?"

"नाही हो साहेब. कोणीतरी त्याला कापड बांधतंय. आम्ही काढतो, दोन-चार दिवसांनी पुन्हा बांधलेलं."

ठाणे अंमलदाराने माझ्याकडे बघितलं. कॅमेऱ्याला कापड बांधण्याला कलम कोणतं लावायचं, हा प्रश्न त्याच्या कपाळावर लिहिलेला होता. मी त्याला स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगितली आणि सुपरवायझरला म्हटलं, चला, आधी काय दिसतं ते दाखवा.

त्यांची कंट्रोल रूम पेणमध्ये होती, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ऊन लागू नये म्हणून खिडकीला निळं प्लास्टिक लावलेलं, त्यामुळे खोलीभर निळसर उजेड. रस्त्यावरचा प्रत्येक फोटो इथे यायचा. हेल्मेट नाही, बेल्ट नाही, वेग जास्त, असं काही दिसलं की इथली माणसं खात्री करून पुढे पाठवायची आणि गाडीमालकाच्या मोबाईलवर चालान जायचं. एका हसऱ्या चेहऱ्याच्या ऑपरेटरने माझ्यासाठी चहा मागवला, खुर्ची पुसून दिली आणि पुलावरचे फोटो पडद्यावर लावले.

मी बघतच राहिलो. सगळं गुलाबी. धुक्यात गुलाबी उजेड पडलेला आणि त्यातून गाड्यांच्या सावल्या मासळीसारख्या सरकत होत्या. धाटावच्या कंपन्यांची बस गुलाबी, बर्फाचा टेम्पो गुलाबी, सायकलवरून जाणारा एक म्हातारा गुलाबी. डोळे बांधले तरी कॅमेऱ्याने आपलं काम सोडलेलं नव्हतं. बर्फाच्या टेम्पोवाल्याला तर त्याने हेल्मेट घातलं नाही म्हणून चालान ठोकलं होतं. मला हसू आवरेना. सुपरवायझर हसला नाही.

तिथून आम्ही पुलावर गेलो. नागोठण्याच्या अलीकडे खाडीचं पाणी आत शिरतं त्यावरचा हा लहानसा पूल. खांबावर दोन कॅमेरे होते. एक उंच, लांबवरचा रस्ता टिपणारा, आणि दुसरा कठड्यावर चढलं तर हात पोचेल एवढ्याच उंचीवर. खालचाच झाकलेला होता. माझ्याबरोबर आमच्या ठाण्याच्या महिला हवालदार होत्या. वर्षानुवर्षं बंदोबस्त करून माणसांची पारख झालेली बाई, बोलायची कमी. दोन पंच बोलावून मी पंचनामा लिहायला घेतला.

कापड पातळ होतं, मलमलीसारखं. ते नुसतं गुंडाळलेलं नव्हतं. वरच्या बाजूला चिमटीने एक घडी घालून ती अशी खोचली होती की कापड काचेपासून थोडं सुटं राहावं. मागे सुरगाठ, एका ओढीत सुटणारी. तोडफोड करणाऱ्याचा हात मी चांगला ओळखतो. रागावलेला माणूस दगड मारतो, दारू प्यालेला खांब हलवतो, चोर वायर कापतो. इथे कोणीतरी त्या काचेला ओरखडासुद्धा जाऊ नये याची काळजी घेतली होती. हवालदारबाईंनी गाठ हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "साहेब, बाईची गाठ आहे."

पुलाच्या टोकाला एक म्हातारी वालाच्या शेंगांची पाटी घेऊन बसलेली होती. मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीचा हंगाम, त्यामुळे गिऱ्हाईक चांगलं. तिला विचारलं तर म्हणाली, "मला लांबचं दिसत नाय." तेवढ्यात समोरून एक गाडी आली, तर ती थांबायच्या आधीच म्हातारीने ओळखलं की गिऱ्हाईक नेहमीचं आहे. साक्षीदार खोटं बोलतो तेव्हा त्याला पकडण्यापेक्षा शेंगा घ्याव्यात, हा माझा अनुभव आहे. मी शेंगा घेतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा घेतल्या. आमच्या घरात वालाशिवाय दुसरी भाजी होईना.

शेवटी तीच म्हणाली. तिच्या बोलीत साहेबालाही 'तू'च असतं. "तू तिला धरून नेशील का?"

"कोणाला?"

"नेनार नसशील त सांगते."

"ऐकून घेईन आधी."

म्हातारीने पाटीतल्या शेंगा सारख्या केल्या. "जोह्याला जा. जिथं गणपतीचं डोलं काढतात तिथं बग. पन आयकायला जा, धरायला नको."

खबर कुठून येईल सांगता येत नाही. मोबाईलची लोकेशनं, कॉलचे तपशील हे सगळं आता आहेच, पण पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाईएवढा रस्ता दुसरं कोणी बघत नाही. आणि बघितलेलं सगळं ती सांगत नाही.

जोहे म्हणजे मूर्तिकारांचं गाव, पेणच्या पलीकडे, रोह्याच्या उलट दिशेला. तिथे माघी गणपतींची कामं चालू होती. एका कारखान्यात शिरलो आणि पाय थबकले. लांबच लांब फळ्यांवर मूर्तींच्या ओळी होत्या, आणि ज्यांचं रंगकाम पुरं झालं होतं त्यांच्या चेहऱ्यांवर तेच गुलाबी कापड. वर तीच चिमटीची घडी, मागे तीच सुरगाठ. कौलांच्या फटींतून ऊन येत होतं, मातीची धूळ त्यात हळूहळू फिरत होती, आणि झाकलेल्या चेहऱ्यांची ती सगळी मंडळी वाट बघत बसल्यासारखी बसली होती. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आपण जागे आहोत ना, असं मला क्षणभर वाटून गेलं.

एका पाटावर तिशीची एक बाई बसली होती. हातात बारीक ब्रश, समोर मूर्ती, श्वास धरलेला. डोळ्याची रेघ पुरी होईपर्यंत आम्ही थांबलो. तिने ब्रश पाण्यात ठेवला, गणवेशाकडे बघितलं आणि म्हणाली, "पुलावरचं ना? मीच बांधलं."

इतकी सरळ कबुली मला नोकरीत क्वचितच मिळाली होती. नियमाप्रमाणे महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलवत नाहीत, तिच्या राहत्या घरीच जबाब घ्यावा लागतो. पण ती म्हणाली, घरी नको, आता इथंच बोलते. मालकाने मागची पडवी मोकळी करून दिली. हवालदारबाई तिच्याजवळ बसल्या.

"का बांधलंत?"

"डोलं काढलं की आम्ही मूर्तीचं तोंड झाकतो, साहेब. डोलं उघडलं म्हंजे ती बगायला लागते. तिच्या घरी जाईपर्यंत तिनं हिकडचं तिकडचं बगू नये. रंग ओला असतो म्हणून कापड लागू द्यायचं नाय." ती थांबली. "त्या पुलावरच्याला घरच नाय. त्यानं बगितलेलं कुणाच्या घरात जाईल, नेम नाय."

मग तिने मोबाईल काढून एक फोटो दाखवला. स्कूटरवर ती एकटी, डोक्यात हेल्मेट, काच वर केलेली, चेहरा स्पष्ट. मागे पुलाचा कठडा. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'कारखान्यात कामाला जाणारी वहिनी रोह्याच्या रस्त्याला?' आणि हसणारे चेहरे. गावच्या ग्रुपवर तो फिरला होता. तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवर पोचला होता.

नवरा डोलवीला ठेकेदाराकडे कामाला. त्याने विचारलं, कुठे गेली होतीस? ती म्हणाली, नाही सांगणार. त्याने स्कूटरची चावी काढून घेतली. दीर म्हणाले, सांगत नाही तर माहेरी पाठवा. माघी गणपती झाले की निकाल लावायचा, असं घरात ठरलं होतं. लहान मुलगी मात्र इथेच राहणार होती, असंही त्यांनीच ठरवलं होतं. तेव्हापासून ती बसने कामाला यायची, आणि वाट वाकडी करून पुलावर जाऊन कापड बांधायची.

"त्यानं मला बगितलं म्हणून राग नाय, साहेब. बगितलेलं सांगितलं म्हणून हाय." तिने मोबाईल माझ्या हातात दिला. "मी वाईट काय केलं नाय. पण ते माझं हाय. घरात सगळ्यांचं सगळं करते मी. एवढं एक माझं हाय."

मी फोटो पुन्हा बघितला. डोक्यात हेल्मेट होतं. वेग नव्हता. एकटीच होती. मग चालान कसलं? चालान नाही तर हा फोटो बाहेर आला कसा? आणि मग मला दिसलं की हा फोटो सरळ आलेलाच नाही. त्यावर बारीक आडव्या रेघा होत्या. कोणीतरी पडद्यावरचं चित्र मोबाईलने टिपलं होतं, आणि वरच्या कोपऱ्यात पडद्याच्या काचेत एक खिडकी उमटली होती. निळी.

दुसऱ्या दिवशी मी हसऱ्या ऑपरेटरला ठाण्यात बोलावलं आणि यावेळी चहा मी मागवला. माणूस खोटं बोलायच्या तयारीत असला की आधी हातांना काम शोधतो. याने कप पुसायला घेतला.

"मला फॉरवर्ड आला होता, साहेब."

मी फोटोची मोठी छापील प्रत त्याच्यापुढे ठेवली. "ही खिडकी कोणाची?"

त्याने बघितलं. कप खाली ठेवला.

"गंमत म्हणून केलं, साहेब," तो हळू म्हणाला. "शिफ्टभर नुसत्या गाड्या बघायच्या. डोकं बधिर होतं. मग कोणी ओळखीचं दिसलं की बरं वाटतं. मित्रांच्या ग्रुपवर टाकला फक्त. नाव नव्हतं टाकलं."

"तिला चेहरा होता ना?"

तो रडायला लागला. माणूस दुष्ट नव्हता, हेच मला जास्त खटकलं. दुष्ट माणसाला आपण काय करतो ते माहीत असतं. त्याच्या मोबाईलमध्ये असे आणखी कितीतरी फोटो निघाले. शेतातून परतणाऱ्या बायका, टेम्पोत शेजारी बसलेले दोघं, शिफ्ट सुटल्यावर स्कूटरवर मागे बसल्याबसल्या डोळा लागलेला कामगार. कोणीही नियम मोडलेला नव्हता. जे नियम पाळून गेले त्यांचेही फोटो तिथे साठून राहत होते, कोणी बघितले याची नोंद नव्हती, कधी पुसायचे याचा नियम नव्हता. मोबाईल जप्त केला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला देता येत नाही, तो स्वतः निरीक्षकानेच करायचा असतो. सुपरवायझर धावत आला आणि कापडाची तक्रार मागे घेतो म्हणाला. मी म्हटलं, घ्या, पण तुमची दुसरी फाईल आता उघडलीय.

गुन्हा उभा राहायचा तर तिचा जबाब लागणार होता. आता मात्र तो नियमाप्रमाणे घरीच घ्यायचं ठरलं, तीही हो म्हणाली. आम्ही गेलो तर ओटीवर माणसं जमलेली. नवरा शिफ्ट टाकून आला होता, दोघं दीर होते, सासू दाराला टेकून बसली होती. चेहरे बघून मला कळलं की ही मंडळी कशाची वाट बघतायत. जे त्यांना इतके दिवस मिळालं नव्हतं ते आता पोलीस काढून देणार होते.

मी लिहायला सुरुवात केली. नाव, वय, धंदा. फोटो कधी कळला, कोणी दाखवला, ग्रुपवर कोण होतं. ती नीट सांगत होती. मग लिहिता लिहिता मी त्या जागी आलो जिथे प्रत्येक जबाबात एक वाक्य असतं. सदर वेळी मी अमुक कामासाठी अमुक ठिकाणी जात होते. माझं पेन थांबलं. ओटीवर कोणी हलेना. वाऱ्याने अंगणातल्या वाळत घातलेल्या लुगड्याचा पदर तेवढा हलत होता.

"इचारा ना साहेब," नवरा म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. "तुम्हाला सांगंल ती. आम्हाला नाय सांगत."

तिने माझ्याकडे बघितलं. ती सांगणार नाही, हे मला कळलं. मी विचारलं असतं तर ती उठून गेली असती. केस तिथेच संपली असती, ऑपरेटर सुटला असता आणि ती माहेरी गेली असती. पण मी विचारलं नाही ते या हिशेबाने नव्हे. मला खरोखरच वाटलं की हा प्रश्न माझा नाही. सरकारी गणवेश घालून मी तो विचारला असता तर मी आणि तो ऑपरेटर यांत फरक काय राहिला असता?

मी लिहिलं, 'सदर वेळी मी माझ्या वैयक्तिक कामासाठी रोह्याच्या दिशेने जात होते.' तिला वाचून दाखवलं. तिने सही केली. नवऱ्याला म्हटलं, "गुन्हा फोटो काढून पसरवणाऱ्याचा आहे. तुमच्या बायकोने हेल्मेट घातलं होतं, गाडी बेताने चालवत होती. माझ्याकडे तिच्याविरुद्ध काही नाही. कुठे चालली होती हे विचारायचा कायदा मला माहीत नाही."

"म्हंजे मी काय समजायचं?" त्याने विचारलं.

तेव्हा सासू बोलली. तोवर ती तोंडात मशेरी धरून गप्प होती. ती ओटीच्या कडेला गेली, थुंकली, तोंड पुसलं.

"चावी दे तिची."

"आय, पण..."

"दे म्हनलं ना." तिने हात पुढे केला. "मी पन जायची. बाजारला जाते सांगून पेनला उतरायची न् दुसऱ्याच वाटंला लागायची. तुजा बा होता तवा. कुटं जायची ते त्याला ठावं नव्हतं, तुला पन नाय सांगनार. वाईट काय नव्हतं. मला बरं वाटायचं, बस." मुलाच्या हातातून चावी घेऊन तिने सुनेच्या मुठीत ठेवली. "घे गो. तवा असलं कॅमेरं नव्हतं, म्हनून मी ह्या घरात म्हातारी झाले."

दोघं दीर अंगणात उतरले. नवरा आईकडे असा बघत होता, जणू ती आत्ताच कुठूनतरी आली आहे. हवालदारबाईंनी डोळे पुसले आणि पुसले नाहीत असं दाखवलं.

दोषारोपपत्र गेलं. वाहतूक शाखेमार्फत मी वरिष्ठांना अहवालही पाठवला. कॅमेरे हवेत, मी त्यांच्या विरोधात नाही. या रस्त्यावर चेंदामेंदा झालेली इतकी शरीरं मी उचलली आहेत की हेल्मेटसाठी दंड करणाऱ्या यंत्राला नावं ठेवणार नाही. पण ज्याने नियम मोडला नाही त्याचा फोटो ठेवू नये, शेजारी बसलेल्याचा चेहरा झाकावा, कंट्रोल रूममध्ये मोबाईल नेऊ देऊ नये, आणि फोटो कोणी उघडला याची नोंद राहावी, एवढं मी लिहिलं. त्यातलं काही झालं, काही कागदावरच राहिलं. सरकारी अहवालाचं जे होतं ते झालं.

या केसने मला काय शिकवलं, असं विचारलं तर नोकरीच्या अखेरीला एक अवघड गोष्ट शिकलो म्हणेन. तपास करणाऱ्याला सगळं कळून घ्यायची सवय लागते. समोरच्या माणसाचं कपाट उघडावं तसं आपण त्याचं आयुष्य उघडतो, आणि पुढेपुढे त्याचं काही वाटेनासं होतं. लोक मला अजून विचारतात, ती बाई जात कुठे होती? तुमच्याही मनात आलं असेल. मला माहीत नाही. तो गुन्हा उलगडला आणि ते मात्र मला कळलं नाही, याचं मला कसलंही दुःख नाही.

निवृत्तीनंतर एकदा नागोठण्याच्या पुढे ती दिसली. माझी गाडी मागे, तिची स्कूटर पुढे. तिने आरशात मला ओळखलं आणि मान हलवली. पुढे रस्त्याला फाटे फुटत होते, आणि धुकं नसल्याने ती कुठल्या बाजूला वळते ते मला सहज दिसलं असतं. मी गाडी कडेला घेतली, रस्त्याकडे पाठ करून टपरीवाल्याला चहा सांगितला. सावकाश प्यालो. पुन्हा गाडीत बसलो तेव्हा रस्ता मोकळा होता.